सबडक्शनचे बारा दगड: स्लाइड्स उत्तम, माहितीपत्रक रद्दी

ज्वालामुखींच्या दगडांचा एक शिकवणीचा संच मागवला होता; आधी त्याची किंमत सांगून टाकते, कारण ज्यांना ज्यांना पेटी दाखवली त्यांनी पहिलं तेच विचारलं. बारा दगड, प्रत्येकाची एक पातळ छेदाची स्लाइड, लाकडी पेटी आणि सोळा पानी माहितीपत्रक, मिळून चौदा हजार रुपये; कुरिअरचे वेगळे. ‘नागपुरात दगड कमी पडले का गं तुला?’ हे आमच्या घरातलं मत. थोडक्यात हवं असेल तर दगड चांगले, स्लाइड्स फारच चांगल्या, माहितीपत्रक नव्याने लिहायला हवं, आणि एका नमुन्यावर चक्क मनाला येईल ते लेबल चिकटवलंय. पाचपैकी चार तारे दिलेत.

माझी सगळी नोकरी भूविज्ञानाची प्रॅक्टिकलं घेण्यात गेली, तेव्हा दगडांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे हे गृहीत धरा. या विषयाला नागपूरसारखं गाव मिळणं भाग्याचं. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती दख्खनच्या काळ्या पाषाणाची. पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालं की पायाखाली नाइस आणि शिस्ट येतात, उत्तरेला कामठी-सिलेवाड्याचा वालुकाश्म, रामटेकच्या वाटेवर मनसरचं मँगनीज. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज इथे आहे, तो मिशनरी एकोणिसाव्या शतकात याच परिसरातले जीवाश्म गोळा करत हिंडायचा. पण ज्वालामुखीचा दगड म्हटला की आमच्या पोट्ट्यांच्या डोळ्यांसमोर एकच येतो: काळा, जड, बारीक कणांचा ट्रॅप. गिट्टीखदानपासून हिंगण्यापर्यंत तोच. अँडेसाइट, डेसाइट (ट्रॅपपेक्षा जास्त सिलिकाचे ज्वालामुखी खडक) ही त्यांच्यासाठी पेपरात लिहायची नावं. प्रयोगशाळांच्या जुन्या ट्रेमध्ये ‘अँडेसाइट’ लिहिलेला जो तुकडा असतो, त्यावरची शाई उडालेली असते आणि लेन्स लावून पाहिलं तर तो बहुतेकदा कुजलेला ट्रॅपच निघतो.

म्हणून हा संच मागवला. सबडक्शन झोन, म्हणजे जिथे समुद्रतळाचा एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो, तिथल्या ज्वालामुखींचे खडक एवढीच त्याची मर्यादा आहे, आणि विकणाऱ्याने ती बऱ्यापैकी पाळली आहे. जपानचं इझू-ओशिमा आणि साकुराजिमा, जावाचे मेरापी आणि मुरिया, फिलिपीन्सचा पिनातुबो, इटलीचं लिपारी, न्यूझीलंडचा इग्निम्ब्राइट (ज्वालामुखीची तापलेली राख घट्ट होऊन झालेला खडक), सायप्रसचा बोनिनाइट, शिकोकू बेटाचा सानुकाइट, एक तथाकथित अडाकाइट (त्याच्याकडे येतेच), आणि शेवटी ज्वालामुखीचे नसलेले दोन: ब्ल्यूशिस्ट आणि सर्पेंटिनाइट. हे शेवटचे दोन कशाला घातले म्हणून काही जणांनी नाराजी लिहिली आहे. माझ्या मते पेटीतली सर्वांत शहाणपणाची निवड तीच.

पेटीबद्दल दोन शब्द. मे महिन्यात मागवू नका. आमच्याकडे बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, कुरिअरची गाडी उन्हात उभी, आणि आतला फोम मऊ होऊन दगडांना चिकटून आलेला. प्युमिसच्या, म्हणजे फेसासारख्या सच्छिद्र दगडाच्या, छिद्रांत शिरलेला फोम चिमट्याने काढत बसावं लागलं. स्लाइड्स वेगळ्या डबीत होत्या म्हणून वाचल्या. त्या कॅनडा बाल्सम या राळेऐवजी एपॉक्सीने चिकटवलेल्या आहेत, तेही बरंच झालं. बाल्सम या उन्हात सुटतो, काच सरकते आणि मध्ये बुडबुडे धरतात.

आता स्लाइड्स. दगडाची चकती काचेवर चिकटवून कार्बोरंडम पावडरवर घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची असते. जाडी बरोबर आहे की नाही ते कळायला यंत्र लागत नाही. क्रॉस निकोलखाली, म्हणजे एकमेकींना आडव्या दोन पोलरायझिंग गाळण्यांमध्ये, क्वार्ट्‌झ आणि प्लाजिओक्लेज (फेल्डस्पार गटातलं खनिज) राखाडी-पांढरे दिसले पाहिजेत. पिवळे-नारिंगी दिसले की छेद जाड राहिला. या पेटीतल्या अकरा स्लाइड्स कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या राखाडी आहेत. हे हाताचं काम आहे आणि ज्याने केलं त्याला माझा नमस्कार. मी स्वतः आयुष्यभर हे घासकाम करवून घेतलंय. कडा नेहमी आधी उडून जातात.

बारावी स्लाइड पिनातुबोची, आणि तिथे मात्र घोळ आहे. पिनातुबो १५ जून १९९१ रोजी फुटला. त्याचा डेसाइट प्युमिस हॉर्नब्लेंड, प्लाजिओक्लेज, क्वार्ट्‌झ या खनिजांसाठी प्रसिद्ध आहेच, पण त्यातला खरा पाहुणा म्हणजे अॅनहायड्राइट, कॅल्शियम सल्फेटचे स्फटिक, थेट शिलारसात वाढलेले. त्या उद्रेकाने वातावरणात दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. एवढा गंधक त्या शिलारसात होता याचा हाताशी धरता येणारा पुरावा म्हणजे हे स्फटिक. पण अॅनहायड्राइट पाण्यात विरघळतो. पडून राहिलेल्या प्युमिसमधून तो पावसानेसुद्धा निघून जातो. स्लाइड पाण्यावर घासली तर जे उरलंय तेही जायचं. माझ्या स्लाइडमध्ये सरळ कडांचे चौकोनी खड्डे आहेत आणि आत काही नाही. विक्रेत्याला फोनवर सांगितलं की हा नमुना रॉकेल किंवा तेलावर घासायला हवा होता. पलीकडचा मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “मॅडम, आम्हाला हे माहीतच नव्हतं, पुढच्या लॉटला करतो.” बदली स्लाइड महिन्याभरात आली, फुकट. तिच्यात दोन-तीन स्फटिक शाबूत आहेत. चौथा तारा त्या मुलाचा.

माझा मुख्य राग माहितीपत्रकावर आहे. दुसऱ्याच पानावर छापलंय की खाली जाणारा पट्ट घर्षणाने तापतो, वितळतो आणि तो रस वर येऊन ज्वालामुखी होतो. हे वाक्य शाळेच्या गाइडांतून चालत आलंय आणि पोरांच्या डोक्यात घट्ट बसलंय. खाली जाणारा पट्ट हा त्या जागेतला सगळ्यात थंड भाग असतो. वितळतं ते त्याच्या वरचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा थर, पेरिडोटाइट खडकाचा, आणि ते वितळतं पाण्यामुळे.

इथे ते शेवटचे दोन दगड कामाला येतात. समुद्रतळाचा बेसॉल्ट लाखो वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो. ते पाणी फटींत नुसतं साचत नाही, खनिजांच्या रचनेत जाऊन बसतं: क्लोराइट, अॅम्फिबोल, आणि पट्टाच्या तळच्या पेरिडोटाइटमध्ये सर्पेंटाइन. पट्ट खाली जाऊ लागला की दाब वाढतो, पण तापमान मागे रेंगाळतं. त्या विचित्र परिस्थितीत ब्ल्यूशिस्ट तयार होतो. पेटीतला तुकडा हातात घ्या, त्यातल्या ग्लॉकोफेन या खनिजाचा निळसर-जांभळा रंग उघड्या डोळ्यांना दिसतो. स्लाइड फिरवली की तोच स्फटिक निळ्याचा जांभळा आणि जांभळ्याचा जवळजवळ बिनरंगी होतो. अशाच खडकांत लॉसोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या वजनाचा नववा हिस्सा पाणी. आणखी खोल गेल्यावर ही खनिजं टिकत नाहीत, मोडतात, आणि कोंडलेलं पाणी वर प्रावरणात शिरतं. कोरडं पेरिडोटाइट ज्या तापमानाला घट्ट बसून राहिलं असतं, तिथेच ओलं पेरिडोटाइट वितळायला लागतं. फरक थोडाथोडका नाही, काही शे अंशांचा आहे. जगभर बहुतेक ठिकाणी ज्वालामुखींची पहिली रांग खालच्या पट्टापासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर उभी असते, त्याचा संबंधही याच्याशीच आहे.

आपल्या दख्खनची गोष्ट वेगळी. तिथे ६.६ कोटी वर्षांपूर्वी खालून अतितप्त प्रावरण वर आलं, दाब उतरला म्हणून वितळलं. पाण्याचं फार काम नव्हतं. मी काटोल रोडच्या एका खाणीतल्या ट्रॅपची माझी जुनी स्लाइड काढून या पेटीतल्या स्लाइड्सशेजारी ठेवते. हा संच घेणाऱ्या प्रत्येक नागपूरकराने हे करावं; स्लाइड नसेल तर निदान गिट्टीचा ताजा फोडलेला तुकडा घ्यावा. ट्रॅपमध्ये प्लाजिओक्लेजच्या बारीक काड्या, मध्ये क्लायनोपायरोक्सीन हे गडद खनिज, आणि लोह-टायटॅनियमचे काळे दाणे उशिराने, उरल्यासुरल्या जागेत. आता मेरापीची स्लाइड लावा. प्लाजिओक्लेजचे मोठे, रुंद स्फटिक आधीच तयार होऊन बसलेत, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे दाणे पायरोक्सीनच्या पोटातसुद्धा सापडतात, म्हणजे ते लवकर सुटले. भोवतालचा रस बारीक, राखाडी.

मॅग्नेटाइट लवकर का सुटतो, यावर सगळं उभं आहे. ओल्या शिलारसात सहसा ऑक्सिजनचा जोर जास्त असतो, लोहाचा मोठा वाटा फेरिक (जास्त ऑक्सिजन घेतलेल्या) रूपात जातो आणि मॅग्नेटाइट लवकर स्फटिक होतो. लोह असं सुरुवातीलाच बाहेर पडलं की उरलेला रस लोहाने गडद होत जात नाही, सिलिकाने श्रीमंत होत जातो. बेसॉल्टचा अँडेसाइट, अँडेसाइटचा डेसाइट ही जी वाट आहे तिला कॅल्क-अल्कलाइन म्हणतात. कोरड्या शिलारसात उलटं घडतं: लोह वाढत जातं, आणि ती थोलिआइटिक वाट, म्हणजे आपल्या ट्रॅपची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोवेन आणि फेनर या खडकशास्त्रज्ञांत यावरच वाद होता की शिलारस थंड होताना शेवटी सिलिकाकडे जातो की लोहाकडे. दोघांनाही निसर्गात पुरावे सापडत होते, कारण दोन्ही वाटा खऱ्या आहेत. १९७४ मध्ये अकिहो मियाशिरो यांनी सिलिका आणि लोह-मॅग्नेशियमचं गुणोत्तर मांडून दोन्हींमध्ये जी रेषा आखली ती अजून वापरात आहे. माहितीपत्रकात यातलं काही नाही. तिथे फुजी पर्वताचा रंगीत फोटो आहे, पान भरून.

आकड्यांत हवं असेल तर: दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड बरेचदा दोन-तीन टक्के सापडतो, सबडक्शनच्या ज्वालामुखींमध्ये एक टक्क्याच्या आसपास किंवा खाली. अॅल्युमिना आपल्याकडे १३-१४ टक्के, तिकडच्या बेसॉल्टमध्ये १७-१८ सहज. पाणी असलं की प्लाजिओक्लेजला स्फटिक व्हायला उशीर लागतो, म्हणून अॅल्युमिना रसात साठत जातो. आणि मग जो प्लाजिओक्लेज येतो तो कॅल्शियमने गच्च भरलेला, नव्वद टक्के अॅनोर्थाइटपर्यंतसुद्धा. मध्यसागरी कण्यांवरच्या (जिथे नवा समुद्रतळ तयार होतो) बेसॉल्टमध्ये मुळात अर्धा टक्काही पाणी नसतं. सबडक्शनच्या शिलारसात सरासरी चारेक टक्के. हे ज्वालामुखी एवढे भडकतात ते यामुळेच. वर येताना दाब उतरला की ते पाणी वाफ होऊन सुटतं आणि प्युमिस फेसाळतो. पेटीतला पिनातुबोचा तुकडा बादलीत टाकला तेव्हा शेजारचा मुलगा ओरडला, “काकू, हे तं तरंगून रायलं!” क्राकाटाउच्या १८८३ च्या उद्रेकातला प्युमिस असाच तरंगत हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला होता.

मेरापीच्या स्लाइडवर अजून थांबते, कारण पेटीचे निम्मे पैसे मी त्या एका काचेसाठी देईन. तिच्यात अॅम्फिबोलचे तपकिरी स्फटिक आहेत आणि प्रत्येकाला काळी, दाणेदार किनार. अॅम्फिबोलला टिकायला रसात भरपूर पाणी आणि बऱ्यापैकी दाब लागतो. शिलारस वर चढला, पाणी निसटलं, की स्फटिक कडेने मोडायला लागतो आणि तिथे बारीक पायरोक्सीन, प्लाजिओक्लेज, मॅग्नेटाइट तयार होतात. चढण सावकाश झाली तर किनार जाड, भरभर झाली तर पातळ किंवा नाहीच. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या अभ्यासातून ही किनार शिलारसाच्या वेगाचं मोजमाप म्हणून वापरता येते हे पुढे आलं. त्याच स्लाइडमध्ये प्लाजिओक्लेजचा एक मोठा स्फटिक आहे, स्टेज फिरवली की आलापल्लीच्या सागाच्या बुंध्यासारखी वलयं एकामागून एक विझत, म्हणजे काळी पडत, जातात. मधल्या एका वलयात चाळणीसारखी भोकं आहेत: तिथे खालून नवा, गरम रस आला, स्फटिक अर्धवट विरघळला, मग पुन्हा वाढला.

साकुराजिमाचा अँडेसाइट शिकवायला सगळ्यांत सोपा. त्यात दोन पायरोक्सीन शेजारीशेजारी आहेत. ऑर्थोपायरोक्सीन फटीच्या रेषेला समांतर ठेवला की सरळ विझतो, आणि साध्या प्रकाशात हलका गुलाबी-हिरवट पालटतो. क्लायनोपायरोक्सीन चाळीसेक अंश तिरका विझतो. ही दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली, आणि एकाच चौकटीत दोन्ही दाखवणारी स्लाइड मला नोकरीत कधी मिळाली नाही. याच ज्वालामुखीच्या १९१४ च्या लाव्हाने साकुराजिमा बेट मुख्य भूमीला जोडून टाकलं.

मेरापी आणि मुरिया ही जोडी विक्रेत्याने बहुधा नकळत दिली आहे, कारण पत्रकात त्यांचा संबंध कुठेच जोडलेला नाही. दोन्ही मध्य जावात. मेरापी खंदकाच्या, म्हणजे समुद्रतळ जिथे खाली घुसतो त्या घळीच्या, जवळ, मुरिया उत्तर किनाऱ्याला, म्हणजे त्याच्याखाली तो पट्ट कितीतरी खोल गेलेला. खंदकापासून आत जावं तसं लाव्हातलं पोटॅशियम वाढत जातं, हे १९६७ मध्ये डिकिन्सन आणि हॅथर्टन यांनी मांडलं. मुरियाच्या स्लाइडमध्ये ते डोळ्यांनी दिसतं: ल्यूसाइटचे आठकोनी, जवळजवळ पूर्ण काळे राहणारे स्फटिक. ल्यूसाइट पोटॅशियमशिवाय होत नाही. दुसऱ्या टोकाला इझू-ओशिमाचा बेसॉल्ट, पोटॅशियमने अगदी कंगाल. या तीन स्लाइड्स ओळीने लावून एक तास घेतला तर नकाशा न काढता खंदक कुठल्या बाजूला आहे ते पोरं सांगतात.

आता तो अडाकाइट. राखाडी, हॉर्नब्लेंडचे काळे ठिपके, दिसायला देखणा. लेबलावर ‘अडाकाइट’ आणि खाली देशाचं नावसुद्धा नाही. आमच्या लाइनीत भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, त्यांना दाखवला. लेन्स लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “बाई, दगड चांगला आहे. पण याचं बारसं कोणी केलं?” मुद्दा रास्त आहे. हे नाव डेफंट आणि ड्रमंड यांनी १९९० मध्ये अल्यूशियन माळेतल्या अडाक बेटावरून रूढ केलं, आणि त्याची ओळख रसायनावरच आहे: सिलिका ५६ टक्क्यांच्या वर, अॅल्युमिना १५ च्या वर, स्ट्रॉन्शियम भरपूर, आणि यिट्रियम १८ पीपीएमच्या (दशलक्षात अठरा भागांच्या) खाली. तरुण, अजून गरम असलेला पट्ट खाली गेला तर तो स्वतः वितळू शकतो, मागे गार्नेट उरतो आणि यिट्रियम त्या गार्नेटमध्ये अडकून राहतं, असा त्यामागचा तर्क. म्हणजे पत्रकातलं ‘पट्ट वितळतो’ हे वाक्य ज्या थोड्या ठिकाणी खरं ठरू शकतं, ते नेमकं याच नमुन्याच्या बाबतीत, आणि तिथे त्यांनी पुरावा जोडलेला नाही. यिट्रियम लेन्सने दिसत नाही. विश्लेषणाचा कागद द्या, नाहीतर ‘हॉर्नब्लेंड अँडेसाइट’ लिहा आणि गप्प बसा. हे फोनवर सांगितल्यावर मुलगा म्हणाला, ज्यांच्याकडून दगड आला त्यांनी असंच लिहून दिलं होतं. तारा इथे कापला.

खरं तर रसायनाचा कागद बाराही दगडांना हवा. या खडकांची सगळ्यांत पक्की खूण सूक्ष्ममात्र मूलद्रव्यांत आहे आणि ती कोणत्याच स्लाइडमध्ये दिसत नाही. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं ही पाण्याबरोबर सहज चालू लागतात, म्हणून लाव्हात वाढलेली सापडतात. निओबियम आणि टँटलम हलत नाहीत, रुटाइलसारख्या खनिजांत बसून राहतात. आलेख काढला की त्या दोघांच्या जागी खड्डा पडतो, आणि अलास्का असो की जावा, खड्डा तिथेच. आणि बेरिलियम-१० बद्दल तर पत्रकात एक ओळ तरी हवी होती. हे किरणोत्सारी बेरिलियम वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं, समुद्रतळाच्या चिखलात साठतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ लाख वर्षं. १९८२ मध्ये ते अशा ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे समुद्रतळावरचा चिखल पट्टाबरोबर खाली गेला, प्रावरणातून फिरला आणि ते बेरिलियम संपून जायच्या आत लाव्हा होऊन वर आला. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करायचे.

उरलेले भरभर. लिपारीचा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, सुंदर आहे, पण स्लाइडमध्ये फारसं काही नाही, काच ती काच. इग्निम्ब्राइट ठीक. सायप्रसचा बोनिनाइट दुर्मिळ वस्तू आहे: सिलिका अँडेसाइटची, मॅग्नेशियम बेसॉल्टपेक्षाही जास्त, टायटॅनियम अर्ध्या टक्क्याच्या खाली. आधीच एकदा पिळून घेतलेलं प्रावरण पाणी मिळाल्यावर पुन्हा वितळलं की असा रस निघतो. ऑलिव्हीनच्या कडा जरा बदललेल्या आहेत, चालायचंच, नऊ कोटी वर्षांचा दगड आहे. सानुकाइट दोऱ्याला टांगून चमच्याने वाजवला तर घंटेसारखा टणकारतो. तो आता शेजारच्या मुलाकडेच असतो.

राहून राहून खटकतं ते वेगळंच. भारतात विकायच्या संचाच्या पत्रकात अंदमान नाही. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, सुमारे १३५ किलोमीटरवर बॅरन बेट आहे, भारताच्या हद्दीतला एकमेव जागृत ज्वालामुखी. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, एकोणिसाव्या शतकात तो निजला आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. भारतीय पट्ट तिथे पूर्वेकडे खाली चाललाय. बॅरनवर बेसॉल्ट आणि बेसॉल्टी अँडेसाइट. उत्तरेच्या नारकोंडमवर अॅम्फिबोलवाले अँडेसाइट आणि डेसाइट. म्हणजे वर मी जे काही सांगितलं ते आपल्याच दोन बेटांवर शेजारीशेजारी आहे. ती दोन्ही अभयारण्यं आहेत, तिथला दगड पेटीत नाही हे योग्यच, कोणी देऊ केला तरी घेऊ नये. पण फुजीच्या फोटोचं पान त्यांना देता आलं असतं.

कोणी घ्यावा? ज्या कॉलेजात पोलरायझिंग मायक्रोस्कोप आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावा. मायक्रोस्कोप नसेल तर चौदा हजारांतले दहा वाया. विक्रेता फक्त दगडांचा संच साडेतीन हजारांत देतो, तो पुरे. हौशी माणसाला स्लाइड्स हव्याच असतील तर पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे आणून, एक स्लाइडखाली आणि एक वर आडवा धरून मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने बरंच दिसतं. प्लाजिओक्लेजचे पट्टे आणि वलयं नक्की. शाळेला भेट देणार असाल तर पत्रकाचं दुसरं पान फाडूनच द्या. ऑर्डर करताना पिनातुबोची स्लाइड तेलावर घासलेलीच हवी असं लिहून कळवा, आणि दिवाळीनंतर मागवा.